गिअर-पेटी बसवितांना



मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात रस्त्यावरून गेली. तथापि कुर्ल्याच्या कारखान्यांत घडलेली ही मोटार कांहीं घरीं अद्याप जपलेली आढळते. गिरगांवांत मजजवळही एक आहे. तिचा क्लच बदलून गिअर-पेटी पुन्हां बसवितांना मी जें शिकलों, तें आज निवेदन करितों.

या मोटारींत एंजिन पुढें, त्यामागें गिअर-पेटी, आणि तेथून लांब दांड्यानें मागल्या चाकांना गति, अशी रचना आहे. पेटीच्या तोंडांतून एक खांचेदार दांडा पुढें आलेला असतो. तो क्लच-प्लेटीच्या मध्यांतून जाऊन एंजिनाच्या क्रँकच्या टोकांतील छिद्रांत शिरावयाचा असतो. प्लेट जराशी जरी बाजूला राहिली, तरी तो अडतो.

माझें तसेंच झालें. पेटी बोटभर अंतरावर थांबली. बोल्ट आवळले म्हणजे ती आपोआप आंत ओढली जाईल, असें मला वाटलें. दुसऱ्या फेऱ्यालाच 'कट्' असा आवाज झाला आणि पेटीचा एक कान तुटला! शेजारचे वृद्ध मिस्त्री खालीं वाकून पाहून म्हणाले, "मास्तर, शाळा सुटली तरी कान उपटायची संवय गेली नाहीं वाटतें!"

कान सांधून आणल्यावर त्यांनीं रीत दाखविली. जुन्या पेटीचा तसाच दांडा घालून प्रथम प्लेट मध्यावर आणली. तो आंत असतांनाच प्रेशर-प्लेटीचे समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळले, आणि मग दांडा काढून घेतला. गाडी घोड्यांवर पक्की होतीच. पेटीचा भार जॅकवर ठेवला. कारण ती दांड्यावर लोंबकळली तर नवी प्लेट वाकते. पेटी गिअरांत टाकून तिचें मागचें टोक हातानें किंचित् फिरविलें. खांचा जुळतांच पेटी अलगद पुढें सरकली व दोन्ही तोंडें टेकलीं. बोल्ट लावले ते त्यानंतर. ते धरून ठेवण्यासाठीं असतात, ओढण्यासाठीं नव्हेत.

संध्याकाळीं चौपाटीपर्यंत जाऊन आलों. पहिला गिअर टाकतांना हात कांपला, परंतु गाडी धक्का न देतां निघाली. रात्रीं मात्र त्या तुटलेल्या कानापेक्षां माझ्या जुन्या वर्गांतील एकदोन मुलेंच अधिक आठवत राहिलीं.