म्हातारपणाचे आजारपण आणि आपले हक्क
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही की विमा अधिकारीही नाही. वस्तीतल्या आजारी माणसांबरोबर दवाखान्याच्या पायऱ्या चढणारा एक साधा कार्यकर्ता आहे. त्या अनुभवातूनच चार गोष्टी आपल्यासमोर मांडतो.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या 72 वर्षांच्या आजी मोरीत घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. मुलाने त्यांना एका इस्पितळात नेले. खिडकीवर पहिला प्रश्न झाला, "अनामत किती भरता?" मुलाने कर्ज काढले, आजींच्या दोन पाटल्या गहाण पडल्या. शस्त्रक्रिया चांगली झाली. घरी आल्यावर ट्रंकेतल्या कागदांत आजींचे आरोग्य कार्ड सापडले. इस्पितळ योजनेतले होते, फलकही दारातच होता. मुलगा कार्ड घेऊन धावला, तर उत्तर मिळाले, "आता उशीर झाला." त्या दिवशी मीही तिथे होतो. रक्ताची सोय केली, पण कार्डाचे विचारले नाही. ती चूक माझीही आहे, म्हणून आज बोलतो आहे.

मित्रहो, आरोग्य विमा म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1943 मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपविले गेले. त्यातून पुढे 1948 चा कामगार राज्य विमा कायदा झाला. आपल्यातील अनेक गिरणी आणि कारखाना कामगारांनी त्याचा लाभ घेतला आहे. आजारी पडलेला माणूस कर्जात बुडू नये, हाच त्यामागचा विचार.

आज काय उपलब्ध आहे? ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजना 70 वर्षे व त्यावरील सर्वांना खुली झाली. उत्पन्नाची अट नाही. वय आधार कार्डावरून धरले जाते. कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. घराचे जुने आयुष्मान कार्ड असले तरी ज्येष्ठांचे 'वय वंदना' कार्ड वेगळे काढावे लागते. केंद्र सरकारी निवृत्तांची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना ज्यांना आहे, त्यांना दोहोंपैकी एक निवडावी लागते. 70 च्या आतील मंडळींनी निराश होऊ नये. महाराष्ट्रात 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. 2023 च्या शासन निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करून मर्यादा 5 लाखांपर्यंत नेली.

आता मर्यादाही ध्यानात घ्या. या योजना इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहेत. रोजच्या रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्यांसाठी नाहीत. इस्पितळ योजनेत असावे लागते. आणि मुख्य म्हणजे आधी मंजुरी, मग उपचार. पैसे भरून मागाहून बिल पाठवायची ही पद्धत नव्हे. आजींचे नेमके इथेच बिनसले.

म्हणून इस्पितळात गेल्याबरोबर आरोग्यमित्र कुठे बसतो, हे विचारा. योजनेतील इस्पितळात हा माणूस असतो आणि कागद पुढे सरकवणे हे त्याचे काम आहे. पैसे मागितले तर कशाचे ते विचारा आणि पावती घ्या. तक्रारीसाठी आयुष्मानचा 14555 आणि राज्य योजनेचा 155388 हे क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. योजना लागू नसेल तर धर्मादाय इस्पितळाचा मार्ग आहे. 2006 पासून मोठ्या धर्मादाय इस्पितळांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा. रुग्णाचे कागद मागितल्यावर 72 तासांत देणे, हे डॉक्टरांवर 2002 च्या नियमांनी बंधनकारक आहे.

हे सारे कागदावर आहे; पण मोडलेल्या हाडाने कळवळणारी आजी हे कसे बोलणार? ऐकू कमी येते, वाचता येत नाही, साहेबासमोर जीभ अडखळते. तिच्या शेजारी उभे राहून शांतपणे प्रश्न विचारणारा माणूस हवा. विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे आहे. डॉक्टर काय म्हणाले ते वहीत टिपा. उपचाराला पर्याय कोणता, घरी काय काळजी घ्यायची, हे आजीसमोरच विचारा. मात्र तिच्या वतीने बोलताना तिला गप्प करू नका. शरीर तिचे, निर्णयही तिचाच.

माझी एकच विनंती आहे. या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आळीतील दोन ज्येष्ठांच्या घरी जावे. आधारवरील जन्मतारीख तपासावी, कार्ड काढून द्यावे, आणि ते ट्रंकेत नव्हे तर दाराजवळच्या पिशवीत ठेवावे. पुन्हा कुणाच्या पाटल्या गहाण पडू नयेत, एवढे जरी साधले तरी आजचा मेळावा सार्थकी लागला असे मी समजेन.

जयभीम!