रानाचा शिपाई

माझे शिक्षण शाळेत थोडे, युनियनच्या कचेरीत अधिक. म्हणून पॉल डॉयरन यांची २०१० सालची 'द पोचर्स सन' ही रहस्यकथा मी माझ्या नजरेने वाचली. अमेरिकेतील मेन राज्यात माइक बोडिच हा तरुण शिकारीच्या कायद्याचा रक्षक; त्याचा बाप मात्र चोरटा शिकारी. उत्तरेचे अरण्य लाकूड कंपनी विकत घेते, भाडेपट्ट्याच्या जागेवरील माणसे उठणार असतात. अशात कंपनीचा माणूस व एक पोलीस मारले जातात. संशय बापावर!

चोरून हरिण मारणाऱ्यामागे शिपाई लागतो. घर उठवणाऱ्यामागे कोण लागतो? हा माझा जुना प्रश्न. पण माइकने मला दुसराही घातला: माणूस आपला, एवढ्यावर तो निर्दोष ठरतो काय? युनियनमध्ये मी कित्येकदा पुरावा न पाहताच 'होय' म्हटले आहे. आपल्या माणसामागे उभे राहावेच. पण डोळे उघडे ठेवून.