पडद्यावर मांडलेला डाव

आकाशवाणीवर एखादी श्रुतिका चालू असते. दाराची कडी वाजते, पावले जिना चढतात, दबल्या आवाजात कोणी कोणाचे नाव घेते. आणि घरबसल्या ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक वाडा उभा राहतो. हा वाडा कोणत्याही गवंड्याने बांधलेला नसतो. दिल्लीत ऐकणाऱ्याचा वाडा निराळा, इंदुरात ऐकणाऱ्याचा निराळा. गोष्ट मात्र एकच. ज्या खेळाविषयी मी आज बोलणार आहे, तो अशाच न बांधलेल्या वाड्यांवर उभा आहे. भेद इतकाच, की येथे ऐकणारा नुसता ऐकत बसत नाही. ‘मी ते दार उघडतो,’ असे तो मध्येच म्हणू शकतो, आणि दार उघडल्यावर जे काही पुढ्यात येईल ते त्याला निस्तरावे लागते.

या प्रकाराला ‘रोलप्लेइंग गेम’ असे नाव आहे. आपण त्याला भूमिकाखेळ म्हणू. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो; बाकीचे प्रत्येकी एक पात्र पत्करतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी भुरटा चोर. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतात, आणि यशापयशाचा निर्णय जेथे लागत नाही तेथे फासा टाकतात. यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. महिनोन् महिने चालणारी एक गोष्ट सर्वांनी मिळून रचायची, हेच त्याचे फळ.

या खेळाची वंशावळ मोठी विलक्षण आहे. त्याचा एक पूर्वज प्रशियाच्या सैन्यात सापडतो. फॉन राइस्विट्झ नावाच्या सरदाराने 1812 साली युद्धाचा एक खेळ तेथील राजापुढे मांडला आणि त्याच्या मुलाने 1824 साली त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. त्यात दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच असे. शत्रूचे सैन्य कोठे आहे हे पंच सांगेल तेवढेच सेनापतीला कळे. माहितीवर पडदा टाकणारा आणि योग्य वेळी तो दूर करणारा हा पंच म्हणजेच आपल्या सूत्रधाराचा पणजोबा. पुढे 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ सिद्ध केला. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तो बाहेर पडला. एका खोक्यात तीन पुस्तिका, आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या 1000. आपल्या ओळखीच्या सहा बाजूंच्या फाशाबरोबर चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासेही त्याने घरोघर नेले.

या खेळाला एक मोठे व्यंग होते. त्याला माणसे लागत, आणि तीही तीच तीच. विद्यार्थिदशेत जमलेला कंपू शिक्षण संपताच पांगतो. कोणी नोकरीसाठी दूर जातो, कोणी संसारात गुंततो. गोष्ट अर्ध्यावर राहते आणि तिच्यातील पात्रे कागदाच्या तक्त्यांवर निपचित पडून राहतात. या पांगापांगीवर उपाय म्हणून 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून संगणकासाठी काही आज्ञावल्या निघू लागल्या. त्यांना ‘व्हर्च्युअल टेबलटॉप’, म्हणजे आभासी टेबल, असे नाव पडले. ‘ओपनआरपीजी’ ही त्यांतली एक, कोणालाही विनामूल्य मिळणारी. ‘फॅन्टसी ग्राउंड्स’ ही 2004 साली फिनलंडमधून आली. त्याच दशकात ‘मॅपटूल’ आली. सर्वांचा गाभा एकच: एक नकाशा, त्यावर सरकणाऱ्या सोंगट्या, संगणकाने टाकलेले फासे, आणि संभाषण लिहिण्यासाठी एक चौकट.

आमचाही एक कंपू असाच पांगला होता. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या गावी आम्ही सहाजण दर शनिवारी खेळत असू. पुढे पाचजण त्या देशाच्या पाच शहरांत विखुरले आणि मी पुण्यास परतलो. 2004 च्या हिवाळ्यात आम्ही अशीच एक विनामूल्य आज्ञावली वापरून पाहायचे ठरविले. शिकागोची वेळ प्रमाण मानली. तेथील शनिवारच्या रात्रीचे आठ म्हणजे माझ्याकडे रविवारच्या सकाळचे साडेसात. त्यांच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असे, तेव्हा माझ्या दारात दूधवाला उभा असे. एप्रिलमध्ये त्यांनी आपली घड्याळे एक तास पुढे केली आणि मला साडेसहालाच राक्षसांना सामोरे जावे लागू लागले.

पहिल्या काही बैठका खेळापेक्षा खटपटीतच गेल्या. ज्याच्या संगणकावर डाव मांडायचा, त्याने घरातील इंटरनेटच्या पेटीत विशिष्ट क्रमांकाचे एक दार उघडून ठेवावे लागे. गुहेचे दार आमच्या चोराने एका फाशात उघडले. या पेटीचे दार उघडायला दोन शनिवार लागले. नकाशा माझ्याकडे पट्ट्यापट्ट्यांनी उतरे. तो पुरता उतरेपर्यंत कधी कधी लढाई संपलेलीही असे.

परंतु या अडचणी यथावकाश सुटल्या, आणि मग ज्यांचा विचार आम्ही केलाच नव्हता अशा गोष्टी दिसू लागल्या.

पहिली गोष्ट फाशांची. संगणकाचा फासा हा वास्तविक फासा नव्हेच. ते एक गणित असते. आरंभीच्या एका संख्येवर ठरावीक प्रक्रिया करीत जाऊन, अंदाज बांधता येणार नाही असे आकडे काढलेले असतात. तो आकडा आम्हा सर्वांच्या पडद्यांवर एकाच वेळी उमटे. लबाडीला जागाच नव्हती. असे असूनही आमचा विश्वास काही बसेना. टेबलावर फासा गडगडत जातो, काठाशी थबकतो, आणि त्या क्षणार्धात सहा माणसांचा श्वास एकदम अडकतो. येथे आकडा नुसता येऊन पडे. श्वास अडकायला अवसरच नसे. फॅन्टसी ग्राउंड्सच्या कर्त्यांनी पडद्यावर हाताने भिरकावता येतील असे गडगडणारे फासे का दिले असावेत, ते मला तेव्हा उमगले. न्यायासाठी आकडा पुरतो. उत्कंठेसाठी मात्र गडगडाट हवा.

दुसरी गोष्ट काळोखाची. टेबलावर नकाशा मांडला की तो सर्वांनाच दिसतो. अंधारात चाचपडण्याचे सोंग तेवढे करावे लागते. आज्ञावलीत मात्र नकाशावर काळा पडदा असे आणि आम्ही पुढे जाऊ तसतसा सूत्रधार तो बाजूला सारी. पुढे निघालेल्या काही आज्ञावल्यांत तर हातातील मशालीचा उजेड कोठवर पोहोचतो याचा हिशेब होऊन प्रत्येक पात्राला त्याच्या जागेवरून दिसेल तेवढेच दाखविण्याची सोय झाली. प्रशियाचा तो पंच असा दोन शतकांनी यंत्रात उतरला. परंतु या लाभालाही एक किंमत होती. नकाशा रेखीव झाला तसे आम्ही प्रश्न विचारणे सोडले. ‘त्या दालनात कसला वास येतो?’ असे पूर्वी कोणीतरी विचारी. आता आम्ही चौकोन मोजू लागलो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्यासाठीच मी हा विषय निवडला.

आमच्यात एकजण अतिशय अबोल होता. त्याचे पात्र म्हणजे एक वृद्ध धर्मोपदेशक. विद्यापीठाच्या दिवसांत तो तोंड उघडण्यापूर्वीच दुसरा कोणीतरी बोलून मोकळा होई, आणि त्याचा उपदेशक बहुधा जखमा बांधण्यापुरताच उरे. आज्ञावलीत संभाषण लिहून चाले. तेथे मोठ्या आवाजाला किंमत नव्हती. या मित्राचे वाक्य सर्वांच्या मागून, एकेकदा दोन मिनिटांनी येई. पण ते पुरे होऊन येई, आणि ते वाचताना आम्ही सारे थांबत असू. पाहता पाहता तो वृद्ध उपदेशक आमच्या गोष्टीचा कणा झाला. ज्या माणसाबरोबर आम्ही तीन वर्षे एका टेबलाशी बसलो, त्याची ओळख आम्हाला समुद्रापलीकडून झाली.

2005 च्या अखेरीस आम्ही ‘स्काइप’ घेतले आणि आवाजाने बोलू लागलो. कोण आनंद झाला! तीच हास्ये, तेच टोमणे. खेळाचा वेग दुपटीने वाढला. अखेर खरे टेबल पुन्हा मिळाले असे प्रत्येकाला वाटले. तीन आठवडे असे गेले. मग सूत्रधाराच्या ध्यानात आले, की या तीन आठवड्यांत उपदेशकाने एकही वाक्य उच्चारलेले नाही. त्याने तक्रार केली नव्हती. आपले मौन तो पूर्वीइतक्याच शांतपणे सांभाळून होता. टेबलाशी त्याचा चेहरा तरी दिसत असे. येथे तोही नव्हता. आम्ही मोठ्या हौसेने आणलेल्या सुधारणेने आमच्यातल्या एकाला हलकेच खोलीबाहेर नेऊन बसविले होते, आणि दार लागल्याचा आवाजही आम्हाला आला नव्हता.

यावर सूत्रधाराने एक साधा नियम केला. इतरांनी बोलावे, उपदेशकाने लिहावे, त्याचे लिहिलेले सूत्रधार स्वतः मोठ्याने वाचून दाखवील, आणि तोवर कोणी मध्ये बोलणार नाही. ही सोय कोणत्याही आज्ञावलीत नव्हती. ती पाच माणसांनी एका माणसासाठी केलेली होती. त्या नियमावर आमचा डाव आणखी दोन वर्षे चालला आणि आमच्या गोष्टीला रीतसर शेवट लाभला.

त्यानंतर काळ बराच पुढे गेला. 2012 साली ‘रोल20’ ही सेवा निघाली. तिच्यामुळे वेगळी आज्ञावली उतरवून घेण्याचे आणि पेटीचे दार उघडण्याचे कारणच उरले नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशकांनी स्वतःचे आभासी टेबल 2010 मध्ये चाचणीसाठी खुले केले, पण 2012 मध्ये ते बंद केले. 2020 च्या महासाथीत माणसे घरोघर कोंडली गेली, तेव्हा टेबलाशी बसणारे असंख्य कंपू या पडद्यांकडे वळले. आमची गाठ घालून देणारे स्काइपदेखील 2025 च्या मे महिन्यात बंद झाले. साधने येतात आणि जातात.

त्यांची पारख करताना मात्र आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो: हे किती दाखविते? चित्र किती स्पष्ट, उजेड किती खरा, वेग किती? दुसरा प्रश्न विचारावा हे मी त्या अबोल मित्राकडून शिकलो: याच्यावर बोलण्याची पाळी कोणाला येते, आणि कोणाची हुकते? साधन बदलले की बोलणाऱ्यांची रांगही बदलते. पुढचा मागे जातो, मागचा पुढे येतो. ही बदललेली रांग यंत्राला दिसत नाही. ती टेबलाशी बसलेल्यांनीच पाहावी लागते, मग ते टेबल लाकडाचे असो की पडद्यावरचे.

आकाशवाणीवरून बोलणाऱ्यालाही हे विसरून चालत नाही. माझा शब्द आपल्यापर्यंत पोहोचतो आहे. आपले मौन मात्र मला ऐकू येत नाही. त्या मौनात एखादे पुरे वाक्य तयार होत असेल, तर त्यासाठी थोडी जागा ठेवून मी येथे थांबतो.