भिशीच्या पैशातून सारांडा

परदेशची सहल हे श्रीमंतांचं काम, असं आपण सहज म्हणतो. आज आम्ही तुम्हाला भूमध्य समुद्राकाठच्या, त्यातल्या त्यात आवाक्यातल्या एका गावाची माहिती देणार आहोत. गावाचं नाव सारांडा, देश अल्बानिया. ग्रीसला लागून असलेला हा छोटासा देश. मदर तेरेसा मूळच्या अल्बानियन कुटुंबातल्या, म्हणून राजधानी तिरानाच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे.

आम्ही चौघी गेलो होतो. गटाच्या बचतीला हात लावला नाही, कर्जही काढलं नाही. चौघींनी वेगळी भिशी लावली. दर महिन्याला प्रत्येकी अडीच हजार, असं चार वर्षं. गावात विचारणारे होतेच, "एवढे पैसे मुलीच्या शिक्षणाला नाही का लागणार?" मुलींचं शिक्षण चालूच आहे. ही भिशी आमच्या मसाल्याच्या आणि शिलाईच्या कमाईतली होती.

पैशाआधी कागदांचं बघा. आमच्यातल्या दोघींच्या आधार कार्डावर सासरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. ते जुळवून पासपोर्ट हातात पडेपर्यंत कितीतरी महिने गेले. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

तिरानाहून सारांडा बसनं जवळजवळ अर्ध्या दिवसाचा प्रवास. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते आणि खोल्यांचे भाव चढतात. मे, जून किंवा सप्टेंबरमध्ये गेलं तर स्वस्त पडतं. आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. भाजी बाजारातून आणायची, डाळ-तांदूळ शिजवायचा, मसाला घरून नेलेला. दुपारी बाहेर खायचं झालं तर ब्युरेक. चिरोट्यासारखे पदर सुटलेले, आत पालक किंवा चीज. एका तुकड्यात पोट भरतं. किनाऱ्यावर वाळू कमी आणि गोटे जास्त, तेव्हा साध्या चपला जवळ असू द्या. संध्याकाळी सगळं गाव पोराबाळांसह समुद्राकाठच्या रस्त्यावर फेरफटका मारायला निघतं. त्याला तिथं जिरो म्हणतात. तो बघायला पैसे पडत नाहीत.

गावातूनच क्सामिलमार्गे ब्युट्रिंटला बस जाते. अंतर अठरा-वीस किलोमीटर. ब्युट्रिंट हे झाडीत लपलेलं प्राचीन नगर. 1992 साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. ग्रीक, रोमन, बायझंटाईन, व्हेनिसचे लोक, सगळ्यांनी इथं बांधलं. तिथल्या दगडी नाट्यगृहाच्या तळाशी पाणी साचलेलं असतं.

या नाट्यगृहाच्या भिंतींपाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. दगडावर बारीक ग्रीक अक्षरं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी गुलामांना मुक्त केल्याचे हे जाहीर लेख. कुणी कुणाला मोकळं केलं, ते नावानिशी लिहिलेलं. आणि मोकळं करणाऱ्यांमध्ये बायकांची नावं पुष्कळ आहेत. माणसांना गुलाम ठेवणं वाईटच, त्यात त्या बायकाही सामील होत्या, हे विसरायचं नाही. पण आपल्या मालकीच्या गोष्टीचा निर्णय बाईनं घेतला आणि तो तिच्या नावानं दगडावर कोरला गेला, हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. आमच्यातली एकजण म्हणाली, "आमच्या सातबाऱ्यावर अजून माझं नाव नाही."

क्सामिलचा किनारा म्हणजे निळंशार पाणी आणि समोर चार छोटी बेटं. पलीकडे ग्रीसचं कॉर्फू बेट दिसतं. या भागात समुद्र जिथं सगळ्यात अरुंद आहे, तिथं अंतर जेमतेम दोन किलोमीटर. एन्व्हर होजाच्या साम्यवादी राजवटीत लोकांना देश सोडायला बंदी होती. पोहून पलीकडे जाऊ बघणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जात. त्या काळात बांधलेले काँक्रीटचे बंकर देशभर आजही दिसतात. 1991 च्या सुमारास ती राजवट गेली. आज त्याच पाण्यातून सारांडा ते कॉर्फू बोट जाते. मात्र कॉर्फूला उतरायचं तर ग्रीसचा वेगळा व्हिसा लागतो.

एक दिवस जिरोकास्त्रासाठी ठेवा. वाटेत 'निळा डोळा' नावाचा झरा लागतो. पाणबुडे पन्नास मीटरपर्यंत गेले, तरी तळ लागला नाही. पाणी उन्हाळ्यातही दहा अंशांच्या आसपास, हात घातला की बोटं बधिर होतात. जिरोकास्त्रा हे डोंगरउतारावरचं दगडी गाव. घरांची छपरंसुद्धा दगडी फरशांची. 2005 मध्ये तेही जागतिक वारसा ठरलं. होजाचा जन्म इथलाच, आणि लेखक इस्माईल कादारे यांचाही.

मैत्रिणींनो, सगळ्यांनी अल्बानियालाच जावं असं आमचं म्हणणं नाही. कुणाला आधी कोकणातला समुद्र बघायचा असेल, कुणाला पंढरपूरला निवांत दोन दिवस राहायचं असेल. पण येत्या बैठकीत हा विषय काढा. पन्नास रुपयांपासून सुरुवात करा, वही वेगळी ठेवा, आणि त्या वहीत प्रत्येकीचं नाव तिनं स्वतःच्या हातानं लिहू द्या.