हक्काची मदत, हक्कानं मागावी



टेक्ससमधलं शुगर लँड म्हणजे सुखवस्तू लोकांचं गाव, असा समज आहे. पण कर्त्या माणसाची नोकरी गेली, दुखणं आलं किंवा संसार मोडला, की इथल्याही घरात महिन्याचा किराणा कसा भरायचा हा प्रश्न पडतो. अशा वेळी आपली माणसं कुणाला काही कळू देत नाहीत. सरकारपुढे हात कसा पसरायचा, लोक काय म्हणतील, याच विचारात महिने जातात.

ही लाज सोडून द्या, हे सांगायलाच मी आज आलो आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसं सरकारी कामांवर खडी फोडायला गेली. पुढे वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७च्या कायद्याचं बळ मिळालं. त्यासाठी शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला. खेड्यातल्या मजुराला मिळालेलं ते काम कुणाचे उपकार नव्हते, त्याचा हक्क होता. इथंही आपण कर भरतो, आणि अडीनडीला त्यातून आधार मिळावा म्हणूनच हे कायदे झाले आहेत.

असाच एक आधार म्हणजे किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत, फूड स्टॅम्प. तिची रक्कम टेक्ससमध्ये 'लोन स्टार' कार्डावर जमा होते. बँकेच्या कार्डासारखंच ते दुकानात चालतं. त्यावर तांदूळ, डाळ, कणीक, दूध, भाजी घेता येते. परसात पेरायला भाजीचं बीसुद्धा मिळतं. साबण मात्र मिळत नाही. या मदतीसाठी ग्रीन कार्ड असलेल्या प्रौढांना बहुधा पाच वर्षं थांबावं लागतं, अठरा वर्षांखालच्या मुलांना नाही. आईवडील व्हिसावर असले, तरी इथं जन्मलेल्या मुलांसाठी अर्ज करता येतो. गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी 'विक' ही वेगळी योजना आहे. शाळेतल्या मोफत जेवणाचा अर्ज शाळेकडेच मिळतो. ग्रीन कार्डाचं काम चालू असेल, तर आधी जाणकार वकिलाला विचारा, कारण नियम बदलत असतात.

सुरुवात २११ या क्रमांकावर फोन करून करा. इंग्रजी जड जात असेल, तर दुभाषा मागा.

आणि ज्यांचं बरं चाललंय, त्यांना एक विनंती. ओळखीचं एखादं कुटुंब मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना यायचं एकाएकी बंद झालं असेल, तर त्यांच्या घरी जा. उपदेश करू नका. शेजारी बसून अर्ज भरायला हातभार लावा.