खरपुडी आणि वारुळावरची अळंबी



दोन वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही काही कार्यकर्ते विद्यार्थ्यांना घेऊन सातारा भागातील एका सड्यावर गेलो होतो. गवतात खरपुडीचे एकच रोप फुललेले दिसले. घरी कुंडीत लावू म्हणून आम्ही ते उपटले. कंद तुटला, रोप आठ दिवसांत वाळले. त्याच दिवशी जवळच्या वारुळावरची अळंबीही पिशवीभर खुडली. पुढे एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, एका रोपासाठी हळहळता आणि पन्नास अळंब्यांचे काहीच नाही, असे का?" तेव्हा आम्हाला नीट उत्तर देता आले नाही.

खरपुडी म्हणजे सेरोपेजिया. हे नाव लिनियसने दिले. भारतात हिच्या पन्नासहून अधिक जाती असून त्यांतील कित्येक पश्चिम घाटाबाहेर कोठेही सापडत नाहीत. फूल कंदिलासारखे. नळीत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत शिरली की अडकते, केस कोमेजले की पराग घेऊन सुटते. ती दुसऱ्या रोपाच्या फुलात गेली, तर शेंग धरण्याची आशा. रोपेच विरळ, तर माशीने जावे कोठे? त्यात कंद खाण्याजोगा, म्हणून माणूस खणतो, रानडुक्करही उकरते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी या जाती बागेत वाढविल्या, तो उद्योग याचसाठी.

अळंबीचे तसे नाही. आपण खुडतो ते केवळ फळ; बुरशीचे अंग वारुळाच्या पोटात असते. वाळवी पालापाचोळा चावून त्यावर ही बुरशी पिकवते. तिची ही शेती सुमारे 3 कोटी वर्षांची. माणसाला मात्र ही अळंबी अजून बाजारासाठी पिकविता आलेली नाही! छत्री खुडल्याने आतली बाग मरत नाही. पण वारूळ फोडले तर मरते. आणि कळ्याच सगळ्या नेल्या तर बीजाणू पसरायचे राहतात. (जाता जाता सांगतो, विषारी अळंबीने चांदी काळी पडते ही परीक्षा खोटी आहे. जाणत्याने ओळखल्याशिवाय खाऊ नका.)

गेल्या वर्षी त्याच सड्यावर पुन्हा गेलो. वारुळावर अळंबी उगवली होती. खरपुडीच्या जागी नुसते गवत होते.