तलंगांची वाट पाहताना



दीक्षितपुऱ्यातील आमच्या परसात एका श्रावणात दोन महिन्यांच्या सहा कडकनाथ तलंगा आल्या. हे काळे वाण आपल्याच मध्य प्रदेशातील झाबुआचे. २०१८ साली त्याच्या मांसास भौगोलिक मानांकन लाभले. अंडेही काळेच निघणार, अशी घरातील मुलांची खात्री होती.

कार्तिक उजाडला, तरी खुराडे रिकामेच. शेजारी रोज विचारीत, "अंडी केव्हा?" आम्ही अधीर झालो आणि अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य आधीच सुरू केले. थोड्याच दिवसांत एक तलंग दगावली. पशुवैद्यांनी ते खाद्य तत्काळ थांबविले. कवचासाठी त्यात घातलेला चुन्याचा अंश कोवळ्या मूत्रपिंडांना बाधतो, असे ते म्हणाले. देशी तलंगेला सहा महिने, कधी अधिकही लागतात; शिवाय हिवाळ्यात आपल्याकडे दिवस अकरा तासांहूनही लहान, आणि अंडे धरण्याची प्रेरणा तिला वाढत्या उजेडातून मिळते. ती कशाने गेली हे निश्चित सांगता येत नाही. परंतु आमच्या उतावळेपणाचा सल मनातून गेला नाही.

मग आम्ही दाणा, पाणी आणि कोरडे भुसकट एवढेच पाहिले. संक्रांतीनंतर एकीचा तुरा भरला. हात जवळ नेताच ती दबून बसू लागली. एके सकाळी लिंबापेक्षा किंचित मोठे, फिकट बदामी अंडे मिळाले. मुलांनी ते आळीभर दाखविले.

पालन आपल्या हाती असते, वेळ नसते. ही गोष्ट आम्हांस फार उशिरा उमगली, म्हणून ती आज आपणांपुढे ठेविली.